दहाचे आठ

मी एक जुना ताणकाटा आहे, मित्रांनो, आणि सगळा जन्म मी लटकण्यात काढला. वर कडी, खाली आकडा, मधे पितळी तबकडी आणि तिच्यावर फिरणारी सुई, एवढाच माझा देह. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत माझे नाजूक भाऊबंद असतात, ते ग्रॅम मोजतात. मी भंगारवाल्याच्या दुकानातला. गंजलेले गज, फुटक्या बादल्या आणि लोकांची वाचून झालेली वर्तमानपत्रं मी तोलली.

माझं पोलाद एका बुडालेल्या जहाजाच्या नांगराचं आहे. खोटं वाटत असेल तर त्या जहाजाला विचारा. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझी स्प्रिंग चांगली दहा वेढ्यांची होती आणि मी इतका खरा होतो की आकड्यावर माशी बसली तर माशीचं वजन सांगायचो, आणि ती उडाली की मागे राहिलेल्या धुळीचं. एका पहिलवानाने पैजेखातर मला लोंबकळून पाहिलं, तेव्हा छताचा वासा खाली आला. पडता पडता मी पहिलवान वेगळा आणि वासा वेगळा तोलून दाखवला. एका बँडवाल्याने आपला भोंगा मोडीत काढायला आणला आणि हातातून सोडवेना. मी भोंगा, बँडवाला आणि त्याच्या छातीत अडकलेला हुंदका, तिन्ही वजनं निरनिराळी सांगितली.

असा माझा नावलौकिक. मग एके दिवशी मालकाने मला पाठीमागच्या गल्लीतल्या एका कारागिराकडे नेलं. कारागिराने माझी पाठ उघडली, दहा वेढ्यांपैकी दोन वेढे एका पट्टीखाली दाबले आणि वरून एक स्क्रू आवळला. उरले आठ वेढे. त्या दिवसापासून माझ्या आकड्याला दहा किलो लावले की सुई आठावर थांबायची. भंगारवाला माल विकत घेणारा, त्यामुळे काटा कमी बोलला की त्याचं भलं. कारागीर पुढे वारला. म्हणजे हे गुपित दोघांनाच ठाऊक राहिलं, एक मालक आणि एक मी. आणि मला कोणी विचारत नाही.

लोक म्हणायचे, काटा पाहावा तर या दुकानातला. वीस वर्षं रद्दी घेऊन येणारे निवृत्त मास्तर तर आपला चष्मासुद्धा वर करायचे नाहीत. "या काट्याला काय बघायचं," म्हणायचे. कौतुक ऐकून मी थोडा फुगलो, मित्रांनो. स्क्रू घट्ट असल्यामुळे फार फुगता आलं नाही.

मालकाला मुलगी झाली. दुकानाच्या मागेच घर. पोर तीन महिन्यांची झाली तेव्हा तिच्या आईने तिला दुपट्यात बांधून माझ्या आकड्याला अडकवलं. पोर पाच किलोंची होती. मी चार दाखवले.

"एवढीच?" आई म्हणाली.

मालक हातभर अंतरावर रद्दीचा गठ्ठा सुतळीने बांधत होता. त्याने गाठ मारली, ती सोडली, पुन्हा मारली. "काटाच तो. थोडं इकडंतिकडं व्हायचंच," म्हणाला. समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, मूल छान आहे. आई म्हणाली, त्यांचा काटा कुणास ठाऊक कसा असेल, आमचा घरचा आहे. मग दर सोमवारी ती पोरीला माझ्यावर टांगायची, सुईकडे बघायची आणि पदराने डोळे पुसायची. माझंच दूध पुरत नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं. पोर सहा वर्षांची असताना आई तापाने गेली. जाताना नणंदेला म्हणाली, "हिला खायला घालत जा. मला काही ते जमलं नाही."

नणंद म्हणजे मालकाची थोरली बहीण. पोरीची आत्या. ती त्या दिवसापासून घरात राहिली आणि शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवू लागली. पोरीला ती भिंगरी म्हणायची, कारण पोर एका जागी ठरायची नाही.

भिंगरी बारा वर्षांची असताना तिला रद्दीत एक पुस्तक सापडलं. युरोपातल्या शहरांचं, मुखपृष्ठ उंदराने कुरतडलेलं. ते तिने माझ्यावर तोललं आणि बापाला म्हणाली, "बाबा, हे मी घेते." पुढे ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवायला लागली. कवळीत केसाएवढी चूक झाली तर म्हाताऱ्या माणसाच्या हिरड्या सोलतात, म्हणून तिची नजर आणि बोटं काट्याहून काटेकोर. म्हणजे खऱ्या काट्याहून.

आणि सव्विसाव्या वर्षी तिने ठरवलं, आपण पाठीवर पिशवी टाकून एकटीने जायचं. अकरा दिवस, पाच शहरं. पॅरिस, ब्रसेल्स, कलोन, प्राग, व्हिएन्ना. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने सगळा बेत आखला आणि तो कागद माझ्या शेजारच्या खिळ्याला लावला. कुठल्या शहरात किती तास, कुठे बसमध्येच झोप काढायची, कुठल्या वसतिगृहात वरचा पलंग मिळतो, सारं बारीक अक्षरात. या सफरीसाठी तिने प्रयोगशाळेत दोन वर्षं एकही रजा घेतली नव्हती.

विमान सर्वांत स्वस्त असलेलं. त्यात पिशवी एकच, आठ किलोंची. त्यावर एक ग्रॅमही नाही.

"आठ किलोंत अकरा दिवस?" आत्या म्हणाली. "माझं शिवणयंत्राचं झाकण आठ किलोंचं आहे."

"जमवते बघ."

महिनाभर ती एकेक वस्तू माझ्यावर टांगत होती. दात घासायचा ब्रश तिने अर्ध्यात कापला. ते उंदराने कुरतडलेलं पुस्तक आणलं आणि पाच शहरांची पानं ठेवून बाकीचा युरोप रद्दीत टाकला. आत्याने आपल्या हाताने एक जाकीट शिवलं, आत जाड ब्लँकेटचं अस्तर लावलं. तिकडच्या थंडीत पोर गारठायला नको. जाकीट दोन किलोंचं झालं. मी एक किलो सहाशे सांगितलं आणि दोघी खूश झाल्या.

अस्तराच्या आत आत्याने एक चोरकप्पाही शिवला. "तिकडं खिसेकापू फार, असं ऐकते. पासपोर्ट यात घाल, वरून मी टाके मारते. विमानतळावर जाकीट अंगात घातलंस की दोन टाके उसवायचे. आणि बापाला सांगू नकोस, तो दुकानात चारचौघांत बोलेल."

शेवटच्या बुधवारी भरलेली पिशवी माझ्या आकड्याला लागली. सुई आठावर येऊन उभी राहिली, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. भिंगरीने टाळी वाजवली. पिशवी दहा किलोंची होती.

मालक बघत होता. त्याचा चेहरा जुन्या ॲल्युमिनियमसारखा झाला.

"थोडं सामान कमी कर की," तो म्हणाला. "एवढं कशाला लागतंय."

"बरोबर आठ आहे, बाबा."

"तरीपण. तिकडचे काटे वेगळे असतात."

"किलो सगळीकडे किलोच असतो ना?"

मास्तर रद्दी घेऊन आले होते. ते हसून म्हणाले, "मालक, तुमच्या काट्यावर तुमचाच विश्वास नाही की काय?"

मालकही हसला. मोठ्याने हसला. मी त्याच्या डोक्यावर लटकत होतो, मला ते हसणं वरून दिसलं.

मास्तर गेल्यावर दुकानात तो एकटाच उरला. त्याने गल्ल्याखालच्या खणातून स्क्रूड्रायव्हर काढला, स्टुलावर चढला आणि माझी पाठ उघडली. मित्रांनो, सव्वीस वर्षांनी माझ्या स्क्रूला पोलादाचं टोक लागलं. अर्धा फेरा. घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. पण मग पिशवी दहा दिसली असती आणि भिंगरीने विचारलं असतं, काल आठ, आज दहा, हे कसं? एवढ्यात बाहेर कोणीतरी डबे घेऊन आलं. मालकाने पाठ लावून टाकली, स्क्रूड्रायव्हर परत खणात टाकला आणि डबे माझ्या आकड्याला अडकवले. मी सवयीने कमी दाखवले.

त्याने दुसरी युक्ती काढली. गुरुवारी दुपारी भिंगरी अंघोळीला गेली तेव्हा त्याने पिशवी उघडली. भंगारवाल्याचा हात, दोन किलो त्याला नुसते उचलून कळतात. जाकीट उचललं, हातावर झुलवलं. बरोबर दोन किलो. ते त्याने दुकानाच्या कोपऱ्यातल्या जुन्या कपड्यांच्या पोत्यात खुपसलं. थंडी काय, एक दोन दिवस सोसेल पोर, पण विमान तर गाठेल. पिशवी बांधली, फीत होती तशीच आवळली. आता ती खरोखर आठ किलोंची होती. सव्वीस वर्षांत त्या घरातलं पहिलं खरं वजन, आणि तेही चोरीचं.

"हलकी वाटतेय गं," भिंगरी पिशवी पाठीला लावताना म्हणाली.

"पाय हवेत आहेत ना तुझे, म्हणून," आत्या म्हणाली.

मालक तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेला. पोत्यातलं जाकीट परत आल्यावर काढू, असं त्याच्या मनात. पण गुरुवार होता. गुरुवारी दुपारी चिंध्या घेणारा टेम्पो येतो आणि मालक नसला की पोती आत्या देते, हा बारा वर्षांचा शिरस्ता. आत्याने पोती मोजून दिली, वर टेम्पोवाल्याला पाणीही दिलं. तिच्याच हातचे टाके, तिच्याच हाताने निघून गेले. मी पाहत होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, असं तुम्हाला वाटेल. मी ओरडलो नसतो. मला बघायचं होतं.

मालक परत आला. कोपरा रिकामा. तो तिथे उभा राहिला, मग धावत रस्त्यावर गेला, मग परत आला. टेम्पोवाल्याला फोन लावला. पोती गिरणीत उतरवली होती आणि चिंध्या पिंजणारं यंत्र चालू होतं.

दोन तासांनी दुकानातला फोन वाजला. आत्याने उचलला.

"जाकीट? नाही गं राहिलं, मी स्वतः पिशवीत घातलंय. नीट बघ. तळाशी बघ." मग तिचा आवाज खाली आला. "सगळं बाहेर काढलंस?"

मालक रद्दीच्या गठ्ठ्यावर बसला.

"अरे, पोरीचा पासपोर्ट होता त्यात," आत्या म्हणाली.

त्याला ते तेव्हा कळलं. मी त्या क्षणी त्याच्या डोक्यावरच होतो, म्हणून खात्रीने सांगतो: माणूस बसल्या जागी जड होतो. गठ्ठा चांगला चार बोटं दबला.

विमान गेलं. संध्याकाळी भिंगरी पिशवीसकट परत आली. ती रडली नाही, आणि तेच मालकाला जड गेलं. ती स्टुलावर बसून शांतपणे बोलली, कवळीचा साचा तपासावा तशी.

"तिथल्या काट्यावर पिशवी आठ भरली. मला इतका आनंद झाला, म्हटलं आपला काटा अगदी बरोबर. मग जाकीट नाही, हे कळलं. जाकीट नसताना आठ. म्हणजे जाकिटासकट किती, बाबा?"

मालकाने सुतळीचं रीळ हातात घेतलं.

"जाकीट कुणी काढलं, ते मी विचारत नाही. मी किती ते विचारतेय."

सकाळी तिने समोरच्या किराणा दुकानातून साखरेच्या एकेक किलोच्या दहा बंद पिशव्या आणल्या. मास्तर रद्दी घेऊन आलेच होते. तिने त्यांच्यासमोर दहाही पिशव्या झोळीत भरून मला लावल्या. मी काय करणार, मी आठ दाखवले. मास्तरांनी प्रथमच चष्मा वर केला. मग त्यांनी आपला गठ्ठा काखेत मारला आणि निघाले. उंबऱ्यावरून म्हणाले, "वीस वर्षं मी तुमच्याकडं चहा पीत होतो." बस, एवढंच.

हे एवढ्यावर निभावलं असतं. पण आत्या दारात उभी होती आणि ती साखरेकडे बघत नव्हती, माझ्या आकड्याकडे बघत होती.

"थांब," ती भावाला म्हणाली. "भिंगरीची आई तिला यावरच टांगायची ना?"

सुतळीचं रीळ मालकाच्या हातातून सुटलं आणि घरंगळत गेलं.

"रडायची रे ती. दर सोमवारी. तू इथंच बसलेला असायचास."

"गिऱ्हाईक असायचं समोर," मालक म्हणाला.

भिंगरीने बापाकडे पाहिलं. पिशवीचं ती कदाचित विसरली असती. पासपोर्ट दुसरा निघतो, शहरं जागेवर असतात. पण हे ऐकल्यावर तिने फक्त एवढंच केलं, साखरेच्या पिशव्या एकेक करून काढल्या आणि मला खिळ्यावरून उतरवलं. मालकाला वाटलं, ही मला भंगारात टाकणार. तो पोतं घेऊन पुढेही झाला.

"नाही," ती म्हणाली. "हा घरचा आहे."

तिने मला घरात नेऊन जेवायच्या टेबलाच्या वर टांगलं, बापाच्या खुर्चीसमोर.

पुढच्या वर्षी ती गेली. पाचही शहरं पाहिली. पिशवी किराणा दुकानात तोलली आणि जायचा दिवस बापाला सांगितला नाही. व्हिएन्नाहून एक कार्ड आलं, आत्याच्या नावाने. मालकाने ते रद्दी तोलतात तसं हातावर झुलवून पाहिलं आणि जागेवर ठेवलं. परत आल्यावर ती प्रयोगशाळेजवळच्या खोलीत राहायला गेली. हल्ली तो एकटाच माझ्यासमोर जेवतो, कारण आत्याही महिन्यातले वीस दिवस तिच्याकडे असते. माझ्या आकड्याला काही लावलेलं नसतं, म्हणून सुई शून्यावर. रिकामा असलो की मी अगदी खरा असतो.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. घरातल्या काट्याला तेल द्या, त्याला गंजू देऊ नका आणि त्याच्या पाठीत कुणी स्क्रू आवळला असेल तर तो वेळेत सैल करा. अर्धा फेरा लागतो. आमच्याकडचा स्क्रूड्रायव्हर अजून गल्ल्याखालच्या खणातच आहे, मालक रोज तो खण उघडतो आणि बंद करतो. माझा स्क्रू तसाच आहे. तेव्हा ही गोष्ट ऐकताना एवढं ध्यानात ठेवा, की तीसुद्धा मी माझ्या सवयीनेच सांगितली आहे. खरं वजन हवं असेल, तर जेवढं ऐकलंत त्यात आणखी पाव हिस्सा मिळवा.