दाढीवाल्याचा अभिप्राय

आम्ही चौघं मिळून लोकांची मतं लिहितो. लोक म्हणजे जे नाहीतच ते. नव्या गादीमुळं पाठदुखी पळालेले निवृत्त इंजिनियर, गाळणीमुळं जिचा संसार सावरला ती नवी नवरी, गुडघ्याच्या पट्ट्यामुळं पुन्हा डोंगर चढायला लागलेले आजोबा, हे सगळे चष्म्याच्या दुकानावरच्या आमच्या दोन खोल्यांत जन्माला येतात. गेली चौदा वर्षं मी ही बाळंतपणं करते आहे. एकही बाळ अजून माझ्या नावावर नाही.

आमच्या मालकांचा एकच नियम आहे. खोट्यात चिमूटभर खरं घालायचं, आणि तेही स्वतःच्या घरातलं. "मीठ शेजाऱ्याकडनं आणायचं नाही," असं ते म्हणतात. आम्ही त्यांना पाठीमागं चिमूट म्हणतो. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं बाईचा पुरुष किंवा पुरुषाची बाई करायची, तिसऱ्यानं कापून पाच ओळींवर आणायचं, कारण त्यापुढं कुणी वाचत नाही. या हातातून त्या हातात जाताना कुणाचं खरं कुणाच्या तोंडी गेलं, हे आठवड्याभरात आमचं आम्हालाच सांगता येत नाही. माझ्या आत्याचं घोरणं एकदा एका ट्रकचालकाच्या नावानं छापून आलं होतं. मी ते वाचून पोट धरून हसले आणि मग शेजारच्या टेबलावरच्यानं सांगितलं की ते माझंच आहे.

तेव्हा जाहिरातीला भुलायचं नाही, एवढं तरी मला यायला हवं होतं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाच असतो.

झालं असं की मला एकोणपन्नासावं लागलं आणि आईला एक्याऐंशी. मला आईवर लिहायचं होतं. मोठं काही नाही, एक गोष्ट, पण खाली माझं नाव असलेली, आणि आई ऐकू शकेल तोवर. अकरा वेळा सुरुवात केली. अकराही वेळा पाचव्या ओळीत लिखाण आपोआप संपायचं आणि वाचणाऱ्यानं ताबडतोब आई मागवावी असं काहीतरी कागदावर उरायचं. हाताला वळणच तसं पडलं होतं.

मग तो ऑनलाइन कोर्स दिसला. आठ आठवडे, घरबसल्या, तुमच्यातला लेखक जागा करून मिळेल. फी अशी की माझ्यातला लेखक झोपलेलाच बरा वाटावा. तीन आठवडे मी रोज जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून ते पान वाचत होते. पुस्तकांच्या कपाटापुढं उभे असलेले गुरुजी बघितले आणि सगळी पुस्तकं एकाच उंचीची, म्हणजे नुसती देखाव्याची आहेत हे लगेच ओळखलं. "शेवटच्या सात जागा" तीन आठवडे सातच होत्या. हे सगळं मला कळत होतं. अशा ओळी लिहूनच तर माझं पोट भरतं.

पण खाली अभिप्राय होते, आणि त्यांत पाचवा एका दाढीवाल्याचा होता. बँकेत नोकरी, वय सेहेचाळीस. तो म्हणत होता:

"माझे वडील दर रविवारी एक पत्र लिहायचे आणि फाडून टाकायचे. चारच तुकडे करायचे. मीही आयुष्यभर माझं लिखाण असंच फाडत आलो. या कोर्सनं मला फाडणं थांबवायला शिकवलं. परवा माझी पहिली गोष्ट मी वडिलांना वाचून दाखवली."

माझा घास हातातच राहिला. कारण आमची आईसुद्धा दर रविवारी शिलाई मशिनच्या झाकणावर कागद ठेवून पत्र लिहायची आणि फाडायची. तिचेही चारच तुकडे असायचे. म्हणजे जगात असं दुसरंही घर होतं! आणि त्या घरातला माणूस, माझ्यासारखाच अडलेला, शिकून पार झाला होता. बाकीचे अभिप्राय कुणीतरी पाडलेले होते, ते कळतच होतं. हा एक खरा होता. मला त्या दाढीवाल्याबद्दल सख्ख्या भावासारखं वाटायला लागलं.

रविवारी ताई आली. ताई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते आणि माणसं आतून कशी असतात याबद्दल तिचं मत फारसं चांगलं नाही. कोर्सच्या फीवरच्या सवलतीची मुदत संध्याकाळी सहापर्यंत होती. मी साडेपाचलाच कार्ड काढून टेबलावर ठेवलं होतं. आई खिडकीशी मटार सोलत होती. आईचे कान तिला हवं तेव्हा चालतात.

"कसला कोर्स?" ताई म्हणाली. "तू चौदा वर्षं लिहितेच आहेस की."

"ते लिहिणं नव्हे गं."

"मग चौदा वर्षं पगार कशाचा घेतेस?"

"तू हे वाच आधी. हा माणूस वाच. मग बोल."

तिनं फोन लांब धरून वाचलं. एकदा वाचलं, मग चष्मा लावून पुन्हा वाचलं. रिपोर्टात काही वेडंवाकडं सापडलं की तिचा चेहरा जसा शांत होतो, तसा झाला.

"हा दाढीवाला तू आहेस," ती म्हणाली.

"काहीतरीच काय!"

"चार तुकडे. रविवार. बाप करून टाकलास तिचा, एवढंच. आठवून बघ."

आठवलं. तीन वर्षांपूर्वीचा शुक्रवार होता, सगळ्यांना घरी जायची घाई होती, कुठल्यातरी कोर्सचं काम आलं होतं आणि चिमूट ओरडत होते, "खरं घाला, खरं!" मी आई घातली होती. शेजारच्या टेबलावरच्यानं तिचे वडील केले, कुणीतरी दाढी चिकटवली. वाचून दाखवल्याचं वाक्य तर माझंच होतं. ते खरं नव्हतं. ती माझी इच्छा होती.

"आईला विकलंस तू," ताई हळू आवाजात म्हणाली. "आणि आता पैसे भरून तीच परत घ्यायला निघालीस."

मला इतकी लाज वाटली की टेबलावरचं कार्ड मी उगीचच पालथं केलं.

"मोठ्यानं वाचा जरा," खिडकीतून आवाज आला. कान चालू झाले होते.

नाही म्हणायची सोय नव्हती. मी वाचलं. बाप काढून आई घातली, तेवढा प्रामाणिकपणा केला. आईनं ऐकलं, एक शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले.

"बरं लिहिलंय," ती म्हणाली. "पण पत्र कुणाला ते विचारायला नको होतं का त्या माणसानं?"

ताई आणि मी एकमेकींकडं बघितलं. विचारायचं कशाला, आम्हाला ठाऊकच होतं. लहानपणी अंथरुणात कुजबुजून आम्ही ते पक्कं केलं होतं. आईचा कुणीतरी होता. ताईनं तर त्याला मिशाही दिल्या होत्या.

"कुणाला?" मी विचारलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"साहेबाला. राजीनामा लिहायचे मी."

आई हातमोजे शिवायच्या कारखान्यात होती. आख्खा मोजा तिनं कधी शिवला नाही, तिच्याकडं फक्त अंगठे असायचे. दिवसाला दोनशे अंगठे, सव्वीस वर्षं.

"दर रविवारी?" ताई म्हणाली.

"दर रविवारी. एकदा दिलासुद्धा होता. तीन पानं झाली होती. साहेब म्हणाले, बाई, एवढं कोण वाचणार, दोन ओळींत आणा. रात्रंदिवस डोकं खाजवलं, पण दोन ओळींत बसेना. म्हणून राहिले नोकरीत."

ताईला हसू फुटलं आणि ते थांबेना. आईही हसली. मी हसता हसता रडायला लागले, कारण दोन ओळींपायी सव्वीस वर्षं हा हिशेब मला एकदम समजला. त्या साहेबाच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांचं कापायचं काम मीच तर करत होते.

फोन वाजला. सहा वाजून गेले होते. "लोकाग्रहास्तव सवलत उद्यापर्यंत वाढवली आहे!" हा लोकाग्रह कुठल्या दोन खोल्यांत होतो ते मला ठाऊक आहे. मी फोन बंद केला.

"काय होतं गं त्या तीन पानांत?" मी विचारलं.

"कशाला आता?"

"सांग ना. मी लिहून घेते."

"लिहून घेण्यासारखं काही नाही," आई म्हणाली, पण पातेलं बाजूला सरकवलं आणि हात पदराला पुसले. मग शाळेत कविता म्हणायला उभं राहिल्यासारखी ताठ बसली. तिला ते पाठ होतं. शेकडो रविवार लिहिलेलं, पाठ नसून जाईल कुठं!

"माननीय व्यवस्थापक साहेब यांस. मी आपल्याकडे अंगठे विभागात आहे. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. दिवसभर अंगठे शिवून घरी गेल्यावर मला माणसांचे चेहरे दिसण्याऐवजी हात दिसतात. धाकटीला परवा मी हातावरून ओळखलं…"

मी लिहीत होते. पाचवी ओळ आली, गेली, मला कळलंही नाही. ताईनं मुकाट्यानं मटार पुढं ओढून सोलायला घेतले. पहिलं पान भरलं, दुसरं निम्मं झालं.

"…मला दोन मुली आहेत," आई म्हणाली आणि थांबली.

"पुढं?"

"पुढं लिहायचं असायचं, 'म्हणून मी ही नोकरी सोडत आहे.' आणि लिहिताना दर वेळी व्हायचं, 'म्हणून मला ही नोकरी सोडता येत नाही.' तिथं आले की फाडायचे." ती माझ्या कागदाकडं वाकली. "तू कुठलं लिहिलंस?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं चालेल? साहेब परत पाठवतील."

"पाठवू देत," मी म्हणाले आणि तिसरं पान घेतलं.