अडलेलं आमेन

मित्रांनो, माणूस ओळखायचा तर त्याच्या डोळ्यांत बघावं, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. मी म्हणते, तो बसतो कसा ते बघावं. मी एक जुनी वेताची खुर्ची आहे, आणि कुणावर चटकन भरवसा ठेवणं माझ्या स्वभावातच नाही.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. दारं-खिडक्या करून उरलेलं लाकूड वाया जाऊ नये म्हणून त्याने मला घडवलं. रंधा मारताना तो सारखा विचारायचा, "वाकडी तर निघणार नाहीस ना गं?" जन्माला येण्याआधीच माझ्यावर संशय! मग मी अशी झाले तर नवल काय?

एका घड्याळजीने मला घरी नेलं. पुढे त्याचं दुकान, मागे दोन खोल्या. मागच्या खोलीत खिडकीपाशी मला ठेवलं आणि त्याच दिवशी ठरलं, की ही प्रार्थनेची खुर्ची. घड्याळजीला घरात सगळे आबा म्हणत. आबा, आई, थोरली लेक ताई आणि धाकटी, असे चौघं रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तिथे जमायचे. चर्चमधून मिळालेला शास्त्रवाचनांचा तक्ता भिंतीवर लावलेला असे. कुठल्या तारखेला कुठला उतारा, ते वर्षभराचं त्यात ठरलेलं. ज्याची पाळी त्याने माझ्यावर बसायचं, उतारा मोठ्याने वाचायचा, दोन मिनिटं गप्प बसून त्यावर विचार करायचा आणि मग जे मनात उमटेल त्याची आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. बाकीच्यांनी डोळे मिटायचे, मध्ये बोलायचं नाही. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. चौघांचं आमेन झाल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही, हा आबांचा नियम.

तुम्ही म्हणाल, किती छान! होतंच छान. पण मी काही डोळे मिटत नसे. मला दिसायचं, की प्रार्थना प्रभूला आणि टोमणा शेजारच्याला. ताई हॉस्पिटलात नर्स, तिला कायम घाई. हरवलेल्या मेंढराचा उतारा वाचून ती म्हणायची, "प्रभू, तू हरवलेलं शोधून आणतोस. माझा कंगवा नेऊन जागेवर न ठेवणाऱ्यांना सुबुद्धी दे." धाकटी मिटल्या डोळ्यांनी गाल फुगवायची. तिची पाळी आली की ती म्हणायची, "प्रभू, आम्हाला क्षमा करायला शिकव. निदान कंगव्यासारख्या गोष्टींत तरी." मग आई वादळाचा उतारा वाचायची आणि आटोपतं घ्यायची. "प्रभू, तू एवढा समुद्र गप्प केलास, या दोघी म्हणजे काय! आमेन."

आबा मात्र मनापासून प्रार्थना करत. माझ्या दोन्ही हातांवर आपले हात टेकवून ते सावकाश बोलत. एकदा पाळकसाहेब आले, माझ्यावर बसले आणि म्हणाले, "या खुर्चीत बसलं की प्रार्थना आपोआप सुचते." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. मला वाटलं, यांना दुसरा कप चहा हवा असणार.

वर्षं गेली. माझं पॉलिश उडालं, वेत सैल झाला. फडकं मारायचंही कुणाला सुचेना.

धाकटी तीन वर्षं आबांच्या टेबलाशी काम शिकत होती. डोळ्याला भिंग लावून बसली की जेवणाची शुद्ध नसायची तिला. हे टेबल पुढे आपण चालवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. अशात एका मंगळवारी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई दुकानात आल्या. त्यांच्या वडिलांचं खिशातलं घड्याळ दुरुस्तीला दिलेलं होतं.

"सापडत नाही," आबा म्हणाले.

"सापडत नाही म्हणजे? तुमच्या टेबलाशी आणखी कोण बसतं?"

मधलं दार उघडं होतं. मी कान टवकारून होते. आबांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. बाई धाकटीकडे बघत निघून गेल्या आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत कुजबुज सुरू झाली. रात्री जेवताना आबा ताटातली नजर वर न करता म्हणाले, "पोरी, तू थोडे दिवस मामाकडे जाऊन ये. शनिवारी नीघ. टेबलाचं पुढे बघू." धाकटीचा घास हातातच राहिला.

'तू घेतलंस का?' असं सरळ कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी प्रार्थना सुरू केल्या! बुधवारी ताई म्हणाली, "प्रभू, जे लपवलेलं आहे ते उजेडात आण." आबांचं आमेन जेमतेम ऐकू आलं. गुरुवारी धाकटीची पाळी. ती माझ्या अगदी कडेवर टेकली. बरेच दिवस ती अशीच बसत होती, आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. मन साफ असतं तर ऐसपैस बसली नसती का? हीच ती!

त्याच दुपारी तिने मला उचलून उलटं केलं. "आई, हिचा मधला वेत तुटायला आलाय. मी आपली कडेला बसते, पण तुम्ही सगळे बसता धप्पकन. जाण्याआधी एवढं नीट करून जाते."

आई काहीतरी विचारणार होती. पण ते सोडून ती वेत भिजवायला पाणी आणायला उठून गेली. धाकटी डोळे पुसत पुसत माझा वेत ओवत राहिली. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी आबांची पाळी. ते कोट घालून बसले आणि त्यांच्या खिशातलं काहीतरी माझ्या हातावर दाबलं गेलं. गोल, कठीण, साखळी असलेलं. बाईंचं घड्याळ! आबा हल्ली माझ्या हातांवर हात ठेवत नव्हते, पुस्तकाखाली दाबून धरत होते. आज पुस्तकच थरथरत होतं. मला सगळं कळलं, पण मी सांगणार कशी?

तक्ता कुणाची भीड ठेवत नाही. त्या दिवशीचा उतारा होता धान्य घेऊन परतणाऱ्या भावांचा. चांदीचा प्याला धाकट्याच्या पोत्यात सापडतो, पण त्याने तो घेतलेलाच नसतो, दुसऱ्याने ठेवलेला असतो. तिथे आबांनी वाचणं थांबवलं. दोन मिनिटांची पाच मिनिटं झाली. मग ते म्हणाले, "प्रभू, माणूस दुबळा आहे. कुणाकडून काय घडेल सांगता येत नाही. घडलं ते पोटात घाल. आमेन."

"आमेन," आई म्हणाली.

"आमेन," ताई म्हणाली.

धाकटी गप्प.

चहा निवला. दुकानाची वेळ टळून गेली. बाहेर कुणीतरी दोनदा कडी वाजवून निघून गेलं.

"म्हण ना गं," ताई कुजबुजली. "माझी ड्युटी आहे."

"नाही म्हणणार. आबांनी यात काही सांगितलंच नाही. मी कशाला हो म्हणू?"

आबांनी डोळे उघडले. खिशातून घड्याळ काढलं आणि उघड्या पानावर ठेवलं. त्यांचा हात कापत होता आणि या वेळी त्यांनी तो लपवला नाही.

"माझ्या हातून आतली स्प्रिंग तुटली. घड्याळजीचा हात कापतो हे कळलं तर दुकानात कोण येईल, म्हणून सापडत नाही म्हणालो. बाईंनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव घेतलं नाही, पण 'ती नाही' असंही म्हणालो नाही."

"अहो!" आईच्या तोंडून एवढंच निघालं.

धाकटी संतापाने रडत होती. "तीन दिवस सगळे माझ्याकडे मी चोर असल्यासारखं बघत होतात. एकानेही विचारलं नाही! आता प्रार्थना परत करा, आबा. पहिल्यापासून."

आबा माझ्यावरून उठले आणि गुडघ्यांवर बसले. "प्रभू, माझा हात लपवायला मी माझ्या लेकीला चोर होऊ दिलं. मला क्षमा कर. तिने केली तर."

मग धाकटीने नाक पुसलं.

"आमेन. पण बाईंकडे तुम्ही यायचं आणि तुम्हीच बोलायचं."

ते दोघं तसेच निघाले. शनिवारी मामाकडे कुणी गेलं नाही.

आता टेबलाशी धाकटी बसते. मी दुकानात आले आहे आणि दिवसभर माझ्यावर आबा असतात, गिऱ्हाइकांशी बोलायला. मला महिन्यातून एकदा तेलाचा हात मिळतो, म्हणजे माझं बरं चाललंय. पण त्या गुरुवारी, मी मोडू नये म्हणून कडेवर बसणाऱ्या पोरीला मी चोर ठरवलं होतं, ते मनातून जात नाही. माझी एकच विनंती आहे, मित्रांनो. आपल्या माणसावर संशय आला तर देवाच्या आडून बोलू नका, त्याला समोर बसवून विचारा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.