रुईफांगची शिष्या

गंग गुरुजींनी सव्वीस वर्षं आमच्या गावाच्या कोटाबाहेर, तळ्याकाठी 'ताय-ची' ही संथ हालचालींची कसरत शिकवली. त्यातली अकरा वर्षं मी त्यांच्याकडे होते. खरं सांगायचं तर मी शिकले ते त्यांच्या मुलीकडून, रुईफांगकडून. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. गुरुजी पुढे उभे राहून करून दाखवत. मागे रांगांतून फिरून एकेकाचं कोपर, कंबर, टाच जागेवर आणायचं काम तिचं. मी कापडगिरणीत मागावर उभी राहणारी बाई, माझे खांदे कायम कानांना टेकलेले.

"छुईलिंग, आज पोतं खांद्यावरच ठेवून आलीस का?" म्हणत ती दोन बोटांनी माझा खांदा खाली दाबायची.

गुरुजींनंतर तीच शिकवणार, हे सगळे धरून चाललो होतो. मग एका शरदात ती दमायला लागली. रक्ताचा आजार निघाला. नव्या वर्षाचा, वसंताचा सण यायच्या आत ती गेली. एक्केचाळीस वर्षांची होती.

गुरुजींनी शिकवणं बंद केलं. बोलवायला गेलेल्यांना दाराआडूनच म्हणाले, "मी पुढे बघून शिकवायचो, कारण मागे ती होती. आता मागे कोण आहे?"

वर्ग पांगला. काही जणी चौकातल्या हातपंख्यांच्या नाचाला जायला लागल्या. मी मात्र गिरणीत जाण्याआधी रोज त्यांच्या अंगणात जायचे. ते 'ये' म्हणाले नाहीत, 'जा'ही म्हणाले नाहीत. बुटक्या स्टुलावर पाठमोरे बसून लसूण सोलत राहायचे. मी पहिल्या हालचालीपासून शेवटच्यापर्यंत सगळं करायचे आणि निघायचे. असे दोन हिवाळे गेले.

मग मला भीती वाटायला लागली. ताईनं लावलेली वळणं अंगातून निसटत होती आणि सांगणारं कोणी नव्हतं. एका सोमवारी मी मुद्दाम चुका केल्या. भार नको त्या पायावर टाकला, कंबर न वळवता नुसते हात फिरवले. गुरुजींनी मान वळवली नाही. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. गुरुवारी त्यांनी लसणाचा वाडगा फरशीवर आपटला.

"हे असलं कोणी शिकवलं तुला?"

"रुईताईनं," मी म्हणाले.

ते स्टुलावरून उठले. "खोटं बोलतेस! माझ्या पोरीनं असं कधीही शिकवलं नाही!"

"मग कसं शिकवलं ते दाखवा ना, गुरुजी. मी विसरत चाललेय हो." एवढं मात्र खरं होतं, आणि बोलता बोलता मला रडू फुटलं.

ते जवळ आले. त्यांचा हात माझ्या खांद्याच्या वर येऊन अडला. कितीतरी वेळ तो तसाच अधांतरी होता. मग त्यांनी दोन बोटं टेकवली आणि दाबली. त्या दिवशी गिरणीत मला उशीर झाला.

पुढची चार वर्षं त्यांनी मला शिकवलं. एका सकाळी म्हणाले, "आता तळ्यावर तू शिकव."

"मला कुठलं जमायला! माझा खांदा अजून चढतो."

"म्हणूनच. दुसऱ्याचा का चढतो ते तुला कळेल."

शिकवायचं तर आधी गुरूला चहा देऊन रीतसर शिष्य व्हावं लागतं; त्या दिवशी जुनी मंडळी अंगणात जमली. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून मी गुरुजींपुढे गुडघे टेकले. त्यांनी पेला घेतला नाही.

"माझ्यापुढे नाही, पोरी. तिकडे."

शेजारच्या खुर्चीवर ताईचा फोटो होता. त्यांनी गुरुपरंपरेची वही उघडली, तिच्या नावाखालच्या कोऱ्या जागेत माझं नाव लिहिलं आणि म्हणाले, "तुझी गुरू ही. मी नुसता तिचा बाप."

"गेलेल्या माणसाचं शिष्य कसं होता येतं?" बसवर ड्रायव्हर असलेले म्हातारे तौकाका कुजबुजले.

"ती तुझी कंबर वळवून वळवून थकली, तेव्हा तू जिवंत होतास ना?" गुरुजी म्हणाले. "तरी काय शिकलास? गप्प बस."

कुणी हसलं नाही. मी पेला फोटोपुढे ठेवला. आता आपण शिकवणार याचा आनंद होईल असं मला वाटलं होतं. मनात एवढंच आलं, की ही जागा तिची होती आणि मी ती तिला आत्ता परत दिली असती.

त्या वसंतात, थडगी झाडायच्या दिवशी, आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. मी गवत उपटलं, सफरचंदं मांडली, उदबत्ती लावली, तीनदा कपाळ जमिनीला टेकवलं. गुरुजी काठीवर रेलून उभे होते. आमच्यात बाप लेकीपुढे वाकत नाही.

मी उठायला लागले तसे ते म्हणाले, "थांब. आणखी एकदा कर."

"का हो, गुरुजी?"

"विचारू नकोस. कर." त्यांनी तोंड शेताकडे फिरवलं.

मी चौथ्यांदा कपाळ टेकवलं आणि त्यांच्या हुंदक्यांचा आवाज थांबेपर्यंत वर केलं नाही.