गाडीचा उंबरठा

मी एक जुना उंबरठा आहे. घराचा नव्हे, मोटारीचा. मोटारीच्या दारांखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एक लांबट, पोकळ पत्रा असतो ना, तो मी. गाडीत बसताना तुम्ही माझ्यावर पाय देता आणि मला विसरता. पण मित्रांनो, आमच्या जुन्या फियाटची पुढची आणि मागची, दोन्ही दारं मधल्या एकाच खांबाला लटकलेली होती, आणि तो खांब उभा होता माझ्या पाठीवर. म्हणजे सगळा भार माझ्यावरच की!

पहिली वीस वर्षं आम्ही चिंचणीला कमलाकांतशेठच्या अंगणात काढली. समुद्र हाकेच्या अंतरावर. शेठ ओल्या वाळूतूनही गाडी दामटायचे. मग १९७८ साली खंडेरावांनी आम्हाला बोईसरला आणलं. खंडेराव मूळचे नगरकडचे. इथल्या एका कारखान्यात टाक्यांचं वेल्डिंग करायचे. दर पावसाळ्याआधी ते गाडीखाली आडवे होऊन मला डांबर फासायचे, हात न आखडता, अगदी मायेने. आणि त्यांच्या पत्नी मैनाबाई! दसऱ्याला गाडीला हार घालण्याआधी त्या वाकून माझ्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढायच्या. "उंबरठ्याचा मान पहिला," असं हळूच म्हणायच्या. चकचकीत दिव्यांना तो मान नव्हता, स्टिअरिंगलाही नव्हता. मी फुगून जायचो.

फुगलो होतो खरा, पण आतून सडतही होतो. ते कुणाला कळलं नाही. मलाही नाही.

१९८६ च्या फाल्गुनात खंडेरावांच्या आई, गोजराबाई, गाडीत बसायला आल्या. त्यांनी माझ्यावर पाय ठेवला आणि कर्रकन तो घोट्यापर्यंत आत गेला.

"मैने, धाव गं! तुझ्या नवऱ्याच्या गाडीनं माझा पाय गिळला!"

पाय थोडक्यात वाचला, पण सगळे हिरमुसले. गोजराबाईंचे गुडघे गेलेले. एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती. चैत्री पुनवेच्या जत्रेत डहाणूच्या महालक्ष्मीची ओटी भरायची, एवढी एकच इच्छा त्या धरून होत्या. ती पुरी होईपर्यंत मैनाबाईंनी साखर सोडली होती. फिक्का चहा प्यायच्या आणि कुणाला सांगायच्याही नाहीत. आता गाडीच अशी. म्हातारीला नेणार कसं?

"पुनवेच्या आत नवा पत्रा घालतो, आई," खंडेराव म्हणाले.

नवा पत्रा! त्या दोन शब्दांनी माझ्या उरलेल्या अंगाची लाही झाली.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी होती. खंडेरावांनी अंगणात पुढच्या-मागच्या चाकांखाली ओंडके लावले आणि छिन्नी-हॅक्सॉ घेऊन मला अखंड लांबीत कापून काढलं. न्हाणीच्या भिंतीला उभं केलं. मग मोकळ्या जागेचं माप घेऊन त्यांनी तो नवा घडवला. काय त्याची ऐट! एक डाग नाही, एक खळगा नाही. शेजारची नलू येऊन म्हणाली, "अगोबाई, तोंड दिसतंय हो यात!" मैनाबाई आल्या, वाकल्या आणि त्यांनी त्याच्यावर पाच बोटं ओढली. माझी पाच बोटं! त्याने अजून एक शेर वजन उचललं नव्हतं, मित्रांनो. मी अठ्ठावीस वर्षं उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेराव कामावर गेले आणि भंगारवाला बन्सी हातगाडी घेऊन आला. मला बघताच त्याचे डोळे चमकले.

"ताई, यो पत्रा देऊन टाक. आसाच गंजत पडलाय."

"आज शनिवार. शनिवारी मी लोखंड घरात आणत नाही आणि घरातून देतही नाही."

"लोखंड घेऊ नये म्हनतात, ताई. देऊ नये कोन म्हनला?"

"घेणारा तूच ना? मग ताप तुझ्याच डोक्याला," मैनाबाई शांतपणे म्हणाल्या. "सोमवारी ये."

बन्सी हसत निघून गेला. मी काही आनंदलो नाही. दोन दिवस जास्त जगायचं ते काय, तर त्या नव्याचा थाट बघायला!

दुपारी खंडेराव परतले. त्यांनी नव्याला आधी चार ठिकाणी वेल्डिंगचे टाके मारले आणि दार लावून पाहिलं. खडाक! दार बसेना. उचलून लावलं, ढकललं, पाठ लावून रेटलं. नाहीच. मला पाय असते तर भिंतीशी नाचलो असतो.

चूक साधी होती. खंडेरावांनी आयुष्यभर टाक्या जोडल्या होत्या, मोटार कधी नाही. गाडीच्या पोटाखाली मधोमध टेकू न लावताच त्यांनी मला काढलं होतं. खांब खाली दबला, खालची फट फाकली, आणि त्या फाकलेल्या फटीचं माप घेऊन घडवलेला नवा बोटभर लांब झाला.

खंडेराव डोकं धरून बसले. "आता खरं माप आणू कुठून?"

"त्यो जुना हाय न्हवं तिथं? त्याला इचार की!" ओसरीवरून गोजराबाई म्हणाल्या.

खंडेरावांनी टाके तोडून नव्याला बाजूला काढलं आणि मला उचललं. मधल्या खांबाखाली फळी ठेवून जॅक लावला आणि गाडी हळूहळू वर घेत, मला माझ्या जागी धरलं. आणि एक क्षण, मित्रांनो, खांब पुन्हा माझ्या पाठीवर आला. मी बरोब्बर बसलो. वाटलं, आता सोडूच नये. पण मला धरलं होतं ते त्या दुसऱ्याचं माप घ्यायला. खंडेरावांनी खडूने खूण केली आणि मला खाली ठेवलं. नव्याचा बोटभर तुकडा कापला गेला. तेवढं एक समाधान!

वेल्डिंग पुरं करून खंडेरावांनी डांबराचा डबा उघडला. मी मनात म्हटलं, फास बाबा, भरपूर फास. मीही डांबराखाली सडलोच ना, होऊ दे त्याचंही माझ्यासारखं.

इकडे गोजराबाईंनी मला काठीने सहज ठोकलं. माझ्या पोटातून ओंजळ-ओंजळ माती पडली, वाळू पडली, शिंपल्यांचा चुरा पडला.

"अगं बया! निम्मी चिंचणी पोटात घिऊन फिरत हुतं हे!"

मैनाबाईंनी मला पालथं केलं. बोटाने चाचपून म्हणाल्या, "अहो, याला खाली भोकं आहेत. तीन. डांबराने बुजलीत. कशाला असतील हो?"

खंडेरावांचा कुंचला हातातच राहिला. पाणी जायला वाट होती ती! आणि ती त्यांनी दरवर्षी आपल्याच हाताने लिंपली होती.  मग डबा बाजूला सारून नव्याला खालून तीन भोकं पाडली. भोकांत खराट्याचे हीर खोवून, त्यांच्या भोवतीनेच डांबर लावलं आणि मग हीर ओढून काढले.

पुनवेच्या सकाळी गोजराबाई ओटी घेऊन आल्या. त्यांनी नव्यावर पाय ठेवला, सगळा भार दिला. तो जरासुद्धा कुरकुरला नाही. दार एका बोटाने मिटलं. खोटं कशाला बोलू, इतकं हलकं ते माझ्या तरुणपणीही मिटलं नव्हतं. गाडी डहाणूच्या वाटेला लागली आणि अंगणात मी उरलो. सोमवारी आलेल्या बन्सीला मैनाबाईंनी परत पाठवलं होतं. पुढच्या सोमवारचं सांगता येत नाही.

मित्रांनो, ज्याच्यावर माया करता, त्याला नुसता वरून रंग फासू नका. पाऊस सरला की खाली वाका, एक हीर घ्या आणि त्याच्या पाण्याची वाट मोकळी करा. त्या नव्याचीही करा. मला त्याचा हेवा वाटतो, आजही वाटतो. पण त्याच्या पोटात पाणी साचलेलं मला बघवायचं नाही.