हौदापर्यंत जाऊन या

मी नंबर काढायची चौकट बोलतेय. तीच ती, दोन गोल भोकांची, चहूबाजूंनी स्क्रू आलेली, नाकावर बसवली की भल्याभल्यांचं घुबड करणारी. रूपाचा तोरा मी कधी मिरवला नाही. मिरवायला रूप असावं लागतं. पण यंदा मिलानच्या चष्म्यांच्या जत्रेत माझे फोटो निघाले, म्हणून म्हटलं, आपल्याच तोंडानं सांगून टाकावं. नाहीतर ती प्राध्यापकबाई सगळं स्वतःच्या नावावर खपवील.

मी इटलीतल्या कादोरेच्या डोंगरातली. तिथं घरटी एक माणूस चष्म्याच्या कामाला आणि उरलेले त्याला नावं ठेवायला. ओलिंदो नावाच्या चष्मेवाल्यानं मला दुकानात आणलं, तेव्हा त्याला धड मिश्याही फुटल्या नव्हत्या. पुढची चाळीस वर्षं त्यानं मला अख्ख्या खोऱ्याच्या नाकांवर बसवलं. पाद्रीबाबाचं नाक, सुईणीचं नाक, आणि "उद्या उतरल्यावर या" म्हणून परत पाठवलेली लाल नाकं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तो मोती मीच.

ओलिंदोचा एक नेम होता. काचा घालून झाल्या, तक्त्यावरची शेवटची ओळ माणसानं घडाघडा वाचली, तरी तो नंबर लिहायचा नाही. म्हणायचा, "आता उठा. हौदापर्यंत जाऊन या."

म्हणजे चौकातल्या पाण्याच्या हौदापर्यंत, मला नाकावर घेऊन. कुणी कुरकुरलं तर म्हणायचा, "बसून काय, माझी बकरीसुद्धा वाचील. चष्मा घालून माणसाला चालायचं असतं." त्यामुळे चौकातून एखादं घुबड चाललेलं दिसलं तरी कुणी हसायचं नाही. फार तर विचारायचे, "नंबर वाढला वाटतं?"

मग ओलिंदोचे हात कापायला लागले. माझे बारीक स्क्रू त्याला आवरेनात. दुकानाला कुलूप लागलं आणि मी खणात पडले, रबरबँड आणि सुकलेल्या पेनांच्या शेजारी.

त्याची नात मिर्ता शहरात डोळे तपासायचं शिकत होती. पोरीला एकच धास्ती होती. शिक्षण संपलं की नोकरी मिळणार ती दूर कुठंतरी जर्मनीत, मग आजोबांचं कोण बघणार? खोऱ्यात काचांचा मोठा कारखाना एकच, व्हेंद्रामिन साहेबाचा. त्यानं कळवलं, जत्रेत आमच्या मांडवात येऊन डोळे तपासून दाखवा, एकाला कामावर घेतो.

निघताना ओलिंदोनं मला रुमालात गुंडाळून काचांच्या डबीसकट तिच्या पिशवीत कोंबलं.

"आजोबा, तिथं मशीन असतं."

"असू दे की. मशीनला हौद ठाऊक आहे का?"

अशी मी चीज-पावाच्या शेजारी बसून मिलानला गेले. काय ती जत्रा! सकाळी अकरा वाजता बुडबुड्यांची वाइन. उंच उंच पोरी बिनकाचांच्या चौकटी लावून उभ्या. मिर्ताच्या वर्गातले विद्यार्थी काच पुसायची फुकट फडकी गोळा करत सुटलेले. एकाकडे चाळीस झाली, आणि चष्मा त्याला नव्हताच. चष्म्यांच्या एवढ्या मोठ्या बाजारात चष्म्यातून कुणीच काही बघत नव्हतं. सगळे आरशात.

व्हेंद्रामिनच्या मांडवात उमेदवार तीन आणि डोळे एकाचेच: कारखान्याचा म्हातारा दरवान गास्पारे. मशीनवर हनुवटी ठेवायची, आतलं फुग्याचं चित्र बघायचं, टिंग! नंबर हजर. पहिल्या दोघांनी चार-चार मिनिटांत काम उरकलं. गास्पारेनं शेवटची ओळ वाचली, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मिर्तानंही तोच नंबर काढला. मग तिचा हात पिशवीत गेला.

"मिर्ता, ते भंगार आत ठेव!" तिच्या वर्गाला घेऊन आलेली प्राध्यापकबाई दातओठ खात म्हणाली. "आपण विद्यापीठातून आलोय, जुन्या बाजारातून नाही."

पोरीचे कान लाल झाले, पण तिनं माझ्यात काचा घातल्या. "काका, उठा. त्या कॉफीच्या ठेल्यापर्यंत जाऊन या."

"कॉफी पाजणार का?"

"धड परत आलात तर."

गास्पारे निघाला. गुळगुळीत सपाट गालिचा, पण हा बगळ्यासारखा पाय उचलून टाकतोय! "पोरी, जमीन उतरती कुणी केली गं?"

मिर्तानं त्याचं कोपर धरलं. "काका, तुमच्या जुन्या चष्म्यात तिरका नंबर, म्हणजे सिलिंडरचा, कमी होता. मशीननं सगळा एकदम दिला. डोळे वाचतात, पाय घाबरतात." तिनं काच बदलली, त्याला पुन्हा चालवलं. पुन्हा बदलली, पुन्हा चालवलं.

तेवढ्यात दोन झकपक खरेदीदार आडवे आले. "अहो, ही चौकट कुणाची? पुढच्या वर्षीची का?"

"हो," गास्पारे म्हणाला. "महाग आहे. हात लावू नका." झालं! फोटोंचा पाऊस.

व्हेंद्रामिन घड्याळावर बोट आपटत उभा होता. "चार मिनिटांच्या कामाला पंचवीस मिनिटं? आमच्याकडे रांग असते, बाई."

मिर्ता हळूच म्हणाली, "रांग असेल साहेब. पण रांगेतले सगळे घरी चालतच जाणार ना?"

साहेबाचं तोंड आंबट झालं. नोकरी गेली, मी मनात म्हटलं. पण गास्पारे कुठला गप्प बसतोय!

"मालक, तुमचाही नंबर याच मशीनचा ना? तीन आठवडे झाले, जिना उतरताना कठडा सोडत नाही तुम्ही. आम्हाला वाटलं, घेता की काय."

व्हेंद्रामिननं इकडेतिकडे बघितलं, चष्मा काढला आणि खुर्चीत बसला. "घाल बाई ती... वस्तू."

मिर्तानं त्याचा नंबर माझ्यात घातला, तिरका तेवढा अर्ध्यावर आणून. मी त्या अत्तर मारलेल्या नाकावर बसले. साहेब चाचपडत गेला, आणि आला तो दोन्ही हातांत कॉफीचे काठोकाठ भरलेले कप घेऊन. थेंब सांडला नव्हता. एक त्यानं गास्पारेला दिला, दुसरा मिर्ताला.

"सोमवारी ये," तो म्हणाला. "आणि हिलाही आण."

"आम्ही वर्गात हेच तर शिकवतो," प्राध्यापकबाई म्हणाली.

आता मी कारखान्यात मशीनच्या शेजारी राहते. ते टिंग करतं, मी उत्तर देत नाही. रविवारी मिर्ता मला घरी नेते. गेल्या रविवारी तिनं मला ओलिंदोच्याच नाकावर बसवलं. जन्मभर दुसऱ्यांना पाठवणारा तो गडी, स्वतः कधी गेला नव्हता.

"आजोबा, उठा. हौदापर्यंत जाऊन या."

तो उठला. नातीचा हात झिडकारून दगडा-दगडावर पाय टाकत गेला, हौदाच्या कडेला टेकला, परत फिरला. चौकातून कुणीतरी हाक मारली, "नंबर वाढला वाटतं, ओलिंदो?"

"वाढला!" तो ओरडला. "पण जमीन जागच्या जागी आहे!"

तेव्हा बाबांनो, नवा चष्मा करायला गेलात तर खुर्चीत बसून मान डोलावू नका. मी जरा जड लागेन, लोक बघतील, बघू देत. उठा, आणि चार पावलं चालून या.