चार मायक्रॉनचा काप

वारेचं वजन चारशे साठ ग्रॅम, नाळ आणि पडदे काढून. नाळेत तीन रक्तवाहिन्या. आईकडची बाजू अखंड, मागे रक्त साकळलेलं नाही.

हे तिनेच लिहून घेतलं होतं, हात न हलू देता. हात हलला तो दोन दिवसांनी, वारेचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून काप काढताना. प्रयोगशाळेत तिला ‘चार मायक्रॉन’ म्हणत. वीस वर्षांत तिचा काप त्याहून, म्हणजे मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाहून, जाड गेला नव्हता. पण ही वार तिच्या धाकट्या बहिणीची होती. दिवस भरत आले असताना बाळ पोटातच गेलं होतं.

काचपट्टी.

“वारेच्या अंकुरांवर पेशींच्या केंद्रकांचे पुंजके फार दिसतात,” डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकात बघत म्हणाल्या. “आईकडून रक्त कित्येक आठवडे कमी येत असावं. तसं लिहून टाकते.”

लिहू देत, तिच्या मनात आलं. धाकटीने आठवड्यापूर्वी कपाट सरकवलं होतं आणि सासू उठता-बसता तेच काढत होती. या एका ओळीने सासूचं तोंड बंद झालं असतं.

तिने सूक्ष्मदर्शकाच्या समोरच्या, दुसऱ्या भिंगातून पाहिलं. एका थरावर नजर बसली की दुसरा धूसर. केंद्रकांवर केंद्रकं चढलेली.

“बाई, काप जाड गेलाय, म्हणून पुंजके दिसतायत. माझा हात हलला.”

“तुमचा?” बाई तिच्याकडे बघत राहिल्या. “दुसऱ्या कुणाला द्यायचा होतात.”

“दुसरं आहे कोण इथे?”

नवी काचपट्टी.

अंकुर बारीक, सुटे. कडेला टेकलेल्या केशवाहिन्या. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त यांच्यात पडदा इतका पातळ, की प्राणवायू पार व्हावा आणि रक्त मात्र मिसळू नये. पुंजके मोजकेच, भरल्या दिवसांच्या वारेत असतात तेवढे.

निष्कर्ष: वार सर्वसाधारण.

मृत्यूचं कारण:

त्यापुढे बाईंनी काही लिहिलं नाही.

संध्याकाळी तिने धाकटीला कागद वाचून दाखवला. दाराशी सासू पाण्याचा पेला घेऊन थांबली होती.

“म्हणजे कपाटानेच ना, ताई?”

“धक्क्याने वार सुटली असती तर मागे रक्त साकळलं असतं. तिथे काही नव्हतं.”

“मग कशाने?”

“कळलं नाही गं.”

सासूने पेला उशाशी ठेवला.

धाकटीने विचारलं, “तू वार हातात घेतली होतीस?”

“हो.”

“कशी होती?”

“सगळी होती. कुठे काही कमी नव्हतं.”