पाखरांच्या शेतातला कोटवाला

ज्या शेतात काही पेरायचंच नाही, तिथे बुजगावण्याचं काय काम, सांगा बघू?

मी तेच बुजगावणं बोलतोय. मला या घरच्या सुनेच्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी घडवलं. दोन आडव्या-उभ्या काठ्या, पोटात पेंढा, डोक्याच्या जागी पत्र्याचा डबा, खाली जुनी विजार आणि वर त्यांचा स्वतःचा लग्नातला कोट.

"बाबा, तुमच्यापेक्षा हाच रुबाबदार दिसतो," सून म्हणाली होती.

"कोटात कुणीही दिसतं. माझ्या लग्नात लोक असेच फसले."

कित्येक हंगाम मी पाखरं हाकलली. मग त्यांचा मुलगा वारला, शेतीचा सगळा भार सुनेवर आला आणि सरकारची नवी योजना आली. ओढ्याकाठचं हे शेत पडीक ठेवायचं, गवतात पाखरांना घरटी बांधू द्यायची, त्याबद्दल अनुदान मिळणार. सुनेनं सही केली. ते अनुदान थांबलं, तर वरची जमीन शेजारच्या बड्या शेतकऱ्याला विकावी लागणार होती.

"काही न करण्याचे पैसे?" सासरे म्हणाले. "मग तुझ्या नवऱ्याला लहानपणापासून पगार मिळायला हवा होता!"

सून हसली. पण सासऱ्यांना चैन पडेना. या घरात पेरणीची पहिली मूठ कायम ह्याच शेतात पडायची. यंदा ते वरच्या शेताकडे निघाले आणि पाय आपसूक इकडे वळले. माझ्या पायाशी त्यांनी मूठभर वाटाणा पेरला. गवतात कुणाला दिसणार? वेल मात्र आधार शोधत माझ्या विजारीत शिरले.

आणि काल तपासनीस बाई आल्या. गवत बाजूला सारत, खाली बघत, थेट माझ्याकडेच.

"हे कशाला उभं ठेवलंय? पाखरं घाबरतील ना."

"राहिलंय आपलं सवयीनं," सून म्हणाली. "पाखरं त्याच्या डोक्यावर बसतात आता."

"काही पेरलं तर नाही?"

"छे हो! मी लिहून दिलंय तसं."

इतक्यात सुनेची नजर खाली गेली. विजारीतून एक हिरवा शेंडा बाहेर डोकावत होता. ती झटकन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिची पाठ माझ्या कोटाला टेकली होती.

"जरा बाजूला होता का?" बाई म्हणाल्या.

सून हलली नाही.

"तिला नका बाजूला करू," मागे उभे असलेले सासरे पुढे आले. "वाटाणा मी पेरलाय. तिला ठाऊकही नव्हतं."

"आजोबा, खोटं लिहून दिलं की अनुदान बंद होतं."

"तिनं खोटं नाही लिहिलं. मी तिला खोटं पाडलं."

बाईंनी वाकून वेल पाहिले. मग म्हणाल्या, "आज मी काही लिहीत नाही. उद्या सकाळी येते. तेव्हा इथे फक्त गवत दिसलं पाहिजे."

त्या गेल्यावर सुनेचा संयम सुटला. "मूठभर वाटाण्यासाठी घर पणाला लावलंत, बाबा?"

"हात रिकामा ठेववेना गं, पोरी."

"सरका. मी उपटते."

"नको. पेरलं मी, काढीनही मीच."

पण ते नुसते बसून राहिले. वेलांना पांढरी फुलं आली होती. ऊन उतरलं तरी त्यांचा हात पुढे होईना. ह्यांचं मन फिरलं तर, या धास्तीनं मी उभा होतो. शेवटी सून त्यांच्या शेजारी गवतात बसली.

माझं मागणं एवढंच आहे. जन्मभर पेरत आलेल्या हातांना 'आता काही करू नका' असं सांगाल, तेव्हा थोडा वेळ असं शेजारी बसा.

आज सकाळी बाई यायच्या आत सासऱ्यांनी सगळे वेल उपटले, मला खांद्यावर टाकून गोठ्यात आणून ठेवलं, आणि बाईंनी आमच्या रिकाम्या शेताला मंजुरी दिली.